फोटोपुरता कोट

कोट या कपड्याचाच मला आता तिटकारा आलाय. लग्नाकार्यात कुणी कोट घालून समोर आलं तरी डोक्यात तिडीक जाते. बायको म्हणते, त्या कपड्यानं तुमचं काय घोडं मारलंय? मारलंय. आणि नुसतं माझं नाही, मास्तरांचंही मारलंय.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर, शाळेतले नव्हेत. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात, धुलाईखात्याला लागून, बिनखिडकीची एक खोली होती. तिथे एक शिलाई मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि मास्तर. वेटरांच्या पँटी आखूड करायच्या, पडद्यांच्या कडा मारायच्या, पाहुण्यांच्या बॅगांच्या तुटलेल्या चेनी बदलायच्या. उभा जन्म त्यात गेला. आम्ही चौघं परक्या देशात वर्क परमिटवर एका खोलीत राहायचो: मास्तर, एक टॅक्सीचा ड्रायव्हर, एक हिशेबनीस आणि मी. मी लिफ्ट दुरुस्त करतो. वर्क परमिट म्हणजे काय, ते ज्याला ठाऊक नाही त्याला सांगतो. ज्या मालकाच्या नावानं ते असतं, त्याला तुम्ही हवे आहात तोवर तुम्ही माणूस. त्याला नकोसे झालात की तुम्ही सामान, उचला आणि चालते व्हा.

परमिट वाढवायचं तर नवा फोटो लागतो. आमच्या गल्लीच्या टोकाला एक फोटोवाला होता. तो गिऱ्हाइकांसाठी एक कोट ठेवायचा, कारण कोटात माणूस वजनदार दिसतो असं त्याचं म्हणणं. त्या कोटाची कॉलर मी डोळ्यांनी पाहिली आहे. शेकडो मानांचा मळ तिच्यावर असा बसला होता की नखानं खरवडून निघाला असता. मास्तरांनी तो एकदा घातला, नाक मुरडलं आणि लगेच काढून ठेवला. घरी येऊन साबणानं मान घासली आणि म्हणाले, दुसऱ्याच्या घामात मान घालून मी कुठल्याही सरकारला तोंड दाखवणार नाही.

हॉटेलच्या दरवानांच्या गणवेशांसाठी गडद निळं कापड आलं होतं, त्यातला तुकडा उरला होता. मास्तरांनी मॅनेजरबाईला रीतसर विचारून तो घेतला आणि सुट्टीच्या दिवशी बसून कोट शिवला. चौघांतल्या कुणाच्याच मापाचा नाही, चौघांच्या मधल्या मापाचा. ड्रायव्हरच्या पोटावर तो लागायचाच नाही, म्हणून तो उघडाच ठेवायचा. हिशेबनीस म्हणजे काडी, त्याच्या पाठीमागे आम्ही कपड्यांचे चिमटे लावायचो. पुढून साहेब, मागून वाळत घातलेला. खाली अर्धी चड्डी. फोटोत दिसतात ते खांदे, बाकी कोण बघतंय? दाराच्या मागे खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत तो टांगलेला असायचा, आणि ज्याचा फोटो निघायचा असेल त्यानं तो न्यायचा, असा खोलीचा रिवाजच पडला.

मास्तरांची बायको ते इकडे असतानाच गेली. सुट्टी मंजूर होऊन मालकाकडे ठेवलेला पासपोर्ट हातात पडेपर्यंत तिकडे सगळं आटोपलं होतं. एकुलती एक लेक तेव्हा शाळेत होती, तिला आत्यानं वाढवलं. आत्या फोनवर टेप लावून पोरीचं माप सांगायची आणि मास्तर इथे तळघरात फ्रॉक शिवून, गावाकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवायचे. प्रत्येक कपड्याला आतून, डाव्या बाजूला, एक चोरखिसा. त्यात पोरीनं काय ठेवावं हे तिचं तिनं ठरवायचं, आपण विचारायचं नाही, असं ते म्हणायचे. ती सवय हाताला इतकी जडली की आमच्या कोटालाही तो होता.

लेक शिकली, लग्न झालं, नवऱ्याबरोबर तिसऱ्याच एका देशात जाऊन नोकरीला लागली. मग तिला दिवस गेले. सासू अंथरुणाला खिळलेली, आत्याचे गुडघे गेलेले. एके दिवशी तिनं फोनवर मास्तरांनाच सांगितलं, बाबा, तुम्हीच या ना.

मास्तरांनी ते आम्हाला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बढती मिळाल्यासारखा झाला होता. ड्रायव्हरनं दात काढले आणि त्या दिवसापासून त्यांना सुईणबाई म्हणायला लागला. पण चार पोरांचा बाप तोच, त्यामुळे शिकवणीही त्याच्याकडेच. टॉवेलची गुंडाळी करून त्यानं मास्तरांच्या हातात दिली आणि मानेखाली हात कसा धरायचा, पाणी कोपरानं कसं बघायचं, पोर पालथं कसं घ्यायचं, सगळं दाखवलं. मास्तर रोज संध्याकाळी त्या टॉवेलला आंघोळ घालायचे. त्याच दिवसांत त्यांनी हॉटेलच्या काढून टाकलेल्या चादरी आणल्या, धुवून धुवून मऊसूत झालेल्या, आणि झबली शिवायला घेतली. सगळ्यांना बांधायचे बंद. मी सहज विचारलं, बटणं का नाही, छान दिसतील की. तर माझ्यावर खेकसले. म्हणाले, तान्ह्याच्या आसपास बटण ठेवणं हे वैऱ्याचं काम, पोर दिसेल ते आधी तोंडात घालतं.

आता व्हिसा. लेकीच्या देशात पाहुणा म्हणून जायचं तर त्या देशाच्या वकिलातीत अर्ज करायला हवा. कुठल्या वकिलातीत? आपल्या देशातली म्हणते, राहता तिथून करा. इथली म्हणते, तुम्ही इथले नाही, जिथले आहात तिथून करा. म्हणजे माणसानं विमानात बसून अर्ज करायचा की काय? आठवडेच्या आठवडे उंबरठे झिजवल्यावर इथल्यांनी, उपकार केल्यासारखं, अर्ज घ्यायचं कबूल केलं.

अर्ज मी भरला. मास्तर शेजारी बसले. एकेक रकाना वाचत गेलो आणि मला त्या कागदाचीच किळस यायला लागली. सगळ्याचा अर्थ एकच, की तुम्ही आमच्याकडे राहून जाणार नाही याचा पुरावा द्या. शेती आहे का? भावाच्या नावावर. घर? नाही. मुलं किती आणि कुठे? एक, तिथेच. बायको? मी थांबलो. मास्तर शांतपणे म्हणाले, "नाही म्हणून लिही. असती तर तीच गेली असती ना रे."

मग हिशेबनिसानं तालीम घेतली. तो आणि ड्रायव्हर दोघंही त्या देशात पाहुणे म्हणून जाऊन आले होते, ड्रायव्हर भावाकडे आणि हा नुसता फिरायला, आणि दोघंही मुदतीच्या आत परतले होते. त्यामुळे स्वतःला तो मोठा जाणकार समजायचा. हसून बोला, पण जास्त हसू नका. विचारतील तेवढंच सांगा. परत येणार, परत येणार, हे दोनदा म्हणा. पोटच्या पोरीला भेटायला जायचंय हे माणसाला आरशासमोर पाठ करावं लागतं, आणि आम्ही बाकीचे खाटांवर बसून त्याला गुण देत होतो. आमचीही मला शिसारी आली, खोटं कशाला बोलू.

मास्तरांनी कोटात फोटो काढला, बोटांचे ठसे दिले आणि थोड्या दिवसांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. साहजिकच तोच कोट घालून गेले, इस्त्री करून. मी दारापर्यंत सोबत गेलो. आत एकट्यालाच सोडतात, म्हणून समोरच्या फुटपाथवर बसून राहिलो. बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. आत काय झालं ते त्यांनी बसथांब्यावर सांगितलं.

साहेब तरुण होता, गोड बोलणारा. आधी पाणी विचारलं. मग म्हणाला, कोट छान आहे, तुमचाच का? मास्तरांना काय, कुणी शिवणकामाचं कौतुक केलं की स्वर्ग दोन बोटं उरतो. त्यांनी कोट उघडून आतलं अस्तरसुद्धा दाखवलं आणि सांगितलं, माझाच, मीच शिवलाय. साहेबानं समोरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यावर ड्रायव्हरचा फोटो आणि शेजारी हिशेबनिसाचा. तिघांचा पत्ता एक आणि तिघांच्या अंगात कोटही एक.

"मला तर बरंच वाटलं रे," मास्तर म्हणाले. "त्या परक्या जागेत आपली माणसं दिसली. मी हसलो. म्हटलं, हा आमचा ड्रायव्हर, हा आमचा हिशेबनीस, आणि कोट खोलीचा आहे साहेब."

म्हणजे तुमचा नाही, असं म्हणून साहेबानं काहीतरी टाइप केलं. मग विचारलं, तुम्हा सगळ्यांना तयार करून पाठवणारा एजंट कोण, किती घेतो? मास्तरांना प्रश्नच कळला नाही. शेवटी साहेबानं विचारलं, मुलीच्या बाळंतपणाला वडील कशाला लागतात? मास्तर म्हणाले, तिला आई नाही. त्यानं तेही टाइप केलं.

पासपोर्ट परत घ्यायला मास्तर पुन्हा तोच कोट घालून गेले, तेव्हा नकाराचं पत्र हातात पडलं. त्याची सुरुवात काय होती माहीत आहे? आमच्या देशाला भेट देण्याची इच्छा दाखवल्याबद्दल आभार. खाली, भेटीचं कारण पटत नाही, परत जाण्याची खात्री वाटत नाही, आणि अर्जदारानं दिलेली माहिती विश्वासार्ह नाही. शेवटी पुन्हा शुभेच्छा. अरे, शिवी द्या. शिवीला निदान उलट शिवी देता येते. हे असं साखर लावून थोबाडीत मारायचं आणि वर शुभेच्छा द्यायच्या, ही कुठली जात? आणि ते दोघं जाऊन मुदतीत परत आले, हे त्याच पडद्यावर कुठेतरी होतं ना? ते बघायला त्याचा हात गेला नाही.

घरी येऊन मास्तरांनी कोट काढला, झटकला, पिशवीत घालून खिळ्याला टांगला. मग लेकीला फोन लावला आणि माझ्यासमोर तिला सांगितलं की हॉटेलवाले सुट्टी देत नाहीत, सध्या गर्दीचे दिवस आहेत.

मी खवळलो. फोन ठेवल्याबरोबर विचारलं, मास्तर, तुम्ही खोटं का बोललात, मॅनेजरबाईनं तर सुट्टी मंजूर असल्याचं चांगलं पत्र दिलं होतं.

"मग काय सांगू? तुझ्या बापाला खोटारडा ठरवून हाकलला, हे तिनं या दिवसांत ऐकायचं?"

पण लेकीनं ऐकलं ते वेगळंच. आईच्या वेळी सुट्टी वेळेत मिळाली नव्हती, आता माझ्याही वेळी मिळाली नाही, बाबांना मशीन प्यारं. तसं ती बोलली नाही, पण फोन आखडते झाले. नात झाल्याची बातमी जावयानं फोटोसकट कळवली, लेकीनं नाही. मास्तरांनी तो फोटो धुलाईखात्यातल्या प्रत्येकाला दाखवला, आणि संध्याकाळी टॉवेलची गुंडाळी उलगडून ओल्या कपड्यांबरोबर दोरीवर टाकली. त्यानंतर ड्रायव्हरनं त्यांना सुईणबाई म्हटलेलं मी ऐकलं नाही.

पुढे महिना-दीड महिन्यात माझ्या कंपनीनं नव्या बनावटीच्या लिफ्ट घ्यायचं ठरवलं आणि त्यांची मशीनं शिकायला मला पाठवायचं ठरलं. कुठे? त्याच देशात. लेकीच्या गावापासून रेल्वेनं तासाभरावर. मी म्हटलं, मी शर्टातच फोटो काढतो, तो कोट जाळा. मास्तर ऐकेनात. म्हणाले, शर्टात माणूस दीनवाणा दिसतो, तू थांब. कोट घेऊन मशीनवर बसले. कॉलर उसवून अरुंद केली. वरचा खिसा काढून टाकला. तपकिरी बटणं होती, ती कापून काळी लावली. फोटोवाला दुकान बंद करेल म्हणून मी घाई करत होतो आणि ते सुई दातात धरून शेवटची बटणं लावत होते. काम झाल्यावर कोट लांब धरून बघितला आणि म्हणाले, आता ओळखू दे.

मला त्या क्षणी जितकी घाण वाटली तितकी त्या पत्रानंही वाटली नव्हती. हा माणूस खरं बोलला तेव्हा खोटारडा ठरला. आता खरोखरची बनवाबनवी करत होता, आणि टाका एकही वाकडा पडत नव्हता. हे त्याला त्या गोड बोलणाऱ्या साहेबानं शिकवलं होतं.

माझा व्हिसा आला. मुलाखत नाही, प्रश्न नाही, काही नाही. कोटामुळे आला असं मला वाटत नाही, कंपनीच्या शिक्क्यामुळे आला असणार. मास्तरांना मात्र कोटामुळेच वाटलं, आणि मी त्यांना तसं वाटू दिलं. लिफ्टचं मशीन बघायला जाणं हे कारण त्या लोकांना पटलं. नात बघायला जाणं पटलं नाही. थू त्यांच्या पटण्यावर.

निघताना मास्तरांनी झबल्यांची पिशवी दिली आणि कोट अंगावर चढवायला लावला, कारण फोटोत आहे तो अंगात असला म्हणजे विमानतळावर कुणी अडवणार नाही. आणि बजावलं, तिला यातलं अवाक्षर सांगायचं नाही. मी मान डोलावली.

काम संपल्यावर सुट्टीच्या दिवशी मी लेकीकडे गेलो. तिसऱ्या मजल्यावरचं लहानसं घर, दारात बाबागाडी, न्हाणीघरात वाळत टाकलेली दुपटी. जावई कामावर गेला होता. लेक वडिलांसारखीच, उंच आणि शांत. तिनं चहा केला, झबली एकेक करून मांडीवर ठेवली, बंद बोटांनी ओढून बघितले.

"शिवायला वेळ मिळाला वाटतं बाबांना," ती म्हणाली.

मी चहाचा घोट घेतला. ती पुढे म्हणाली की आईच्या वेळीही असंच झालं होतं, तिला आता सवय आहे, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका काका. हे तिनं इतक्या सरळ आवाजात सांगितलं की मी कप खाली ठेवला. दिला शब्द गेला खड्ड्यात. मी तिला सगळं सांगून टाकलं. टॉवेलची आंघोळ, आरशासमोरची तालीम, पडद्यावरचे फोटो, एजंट कोण म्हणून विचारलं ते, आई नाही हे उत्तर टाइप केलं ते, आणि मॅनेजरबाईनं खरंतर आनंदानं सुट्टी दिली होती तेही. बोलता बोलता माझा आवाज चढला होता.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, तो कोट हाच का? मी हो म्हटलं, पण ओळखू येणार नाही, बदललाय. ती उठून माझ्यासमोर आली आणि न बघता तिचा हात सरळ आत, डाव्या बाजूला गेला. चोरखिशात तिची दोन बोटं गेली. ती चांगली हमसून हमसून रडली. तिच्या आवाजानं बाळ उठलं आणि तेही रडायला लागलं, आणि मी मूर्खासारखा मधोमध उभा.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले, माझ्याकडून कोट मागून घेतला, पलंगावर अस्तराची बाजू वर करून अंथरला आणि बाळाला त्यावर ठेवलं. बाळ गप्प झालं नाही, उगाच कशाला सांगू, दूध मिळाल्यावरच गप्प झालं. पण निघताना तिनं कोट परत दिला नाही.

"हा इथेच राहू द्या काका. बाबांच्या हातचा आहे."

मी जावयाचा जुना स्वेटर घालून परत आलो. विमानतळावर एका कुत्र्यानंही मला कोट कुठे म्हणून विचारलं नाही. वाटेत एकच विचार येत होता. आमच्यातला एखादा त्यांच्या देशात गेला की परत येणार नाही, ही त्या लोकांची केवढी भीती. घ्या, झाली खरी. एक जण राहिला तिथेच.

खोलीत आलो तेव्हा मास्तर ड्रायव्हरच्या बनियनला ठिगळ लावत होते. त्यांनी माझ्या अंगातला स्वेटर बघितला, मग दारामागचा खिळा बघितला. मी म्हटलं, मास्तर, मी शब्द मोडला, तिला सगळं सांगितलं. कोट तिनं ठेवून घेतला. नात त्यावर झोपते. आता ओरडायचं तर ओरडा.

ते ओरडले नाहीत. त्यांनी दोरा दातानं तोडला, बनियनची घडी घातली. मला वाटलं, आता लेक काय म्हणाली ते विचारतील, नात कशी दिसते ते विचारतील. मग एकदम ताडकन उठले.

"अरे, वरचं बटण मी तुझ्या घाईत नुसतं टाचलंय. ओढलं की हातात येईल. फोन लाव तिला. आधी ते कापायला सांग, मग बाकीचं बोलू."

मी फोन लावला. पहिल्या रिंगलाच तिनं उचलला, आणि मी काही म्हणायच्या आत विचारलं, बाबा आहेत का तिथे?